शोधाचं मोजमाप (भाग ६) : कोंबडीची गाठ आणि पंचावन्न वर्षं

गेल्या आठवड्यात आपण एच-इंडेक्स कसा काढतात ते पाहिलं. एखाद्याच्या २० पेपरांपैकी प्रत्येकाचा इतर लेखांत निदान २० वेळा संदर्भ आला असेल, तर त्याचा एच-इंडेक्स २०. होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवलेला हा हिशोब आज कर्करोगाच्या प्रयोगशाळांमधल्या नेमणुकांपर्यंत पोचला आहे. या फूटपट्टीसमोर आज आपण एका माणसाला उभं करू. पेटन राऊस त्याचं नाव.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आली. अंगावर पट्टे, छातीला उजवीकडे मोठी गाठ. तिशीतल्या राऊसनी त्या गाठीचा तुकडा तिच्याच गोतातल्या कोंबड्यांमध्ये रुजवला आणि गाठ तिथेही वाढली. पुढची पायरी खरी महत्त्वाची. त्यांनी गाठ वाळूबरोबर घोटली, क्षाराच्या पाण्यात कालवली आणि पेशी अजिबात पलीकडे जाणार नाहीत इतक्या बारीक गाळणीतून गाळली. खाली उतरलेलं पाणी निरोगी कोंबड्यांना टोचलं, तर त्यांनाही कर्करोग झाला! म्हणजे गाठीचं कारण पेशीहून लहान होतं. आज आपण त्याला विषाणू म्हणतो.

हा पेपर १९११ मध्ये छापून आला. तज्ज्ञांनी तो फारसा मनावर घेतला नाही. कोंबडीचा रोग, त्याचा माणसाशी काय संबंध, असं बहुतेकांचं म्हणणं. उंदरांच्या गाठींवर राऊसनी तोच प्रयोग केला, पण तो जमला नाही. १९१५ च्या सुमारास त्यांनी कर्करोगाचं काम बाजूला ठेवलं आणि ते रक्ताकडे वळले. टर्नर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी रक्त साठवून ठेवण्याचं द्रावण शोधलं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्त आधीच काढून ठेवता आलं, ते याच कामाच्या आधारावर. वाचलेल्या सैनिकाची नोंद कुठल्या सायटेशनमध्ये, म्हणजे संदर्भात, होणार?

राऊसना नोबेल मिळालं १९६६ मध्ये. वय ८७, आणि कोंबडीच्या त्या पेपरला ५५ वर्षं झालेली.

आता आपल्या मोजपट्ट्या बघा. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती संदर्भ मिळाले, एवढंच धरतात. तिथे दोन वर्षं, इथे पंचावन्न. १९१५ साली राऊसची मुलाखत घ्यायला आजची निवड समिती बसली असती, तर तिनं त्यांना घरी पाठवलं असतं, याविषयी मला शंका नाही. एकूण सायटेशन मोजूनही फार फरक पडला नसता. त्या वेळी ते फारसे जमलेलेच नव्हते.

दुसरं टोक पाहा. डग्लस हॅनहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी २००० साली ‘सेल’मध्ये कर्करोगाच्या पेशीची सहा लक्षणं मांडली. त्याचे संदर्भ हजारोंनी मोजावे लागतात. लेख उत्तमच आहे, विद्यार्थ्यांनी तो वाचलाच पाहिजे. पण तो आढावा आहे, त्यात नवा प्रयोग नाही. आढावा प्रत्येकाला प्रस्तावनेत हवा असतो, म्हणून त्याचे आकडे फुगतात. मूळ प्रयोग करणाऱ्याशी त्या आकड्याची तुलना करणं म्हणजे शेतकऱ्याची आणि बाजारसमितीची उलाढाल एकाच रकान्यात मांडणं.

आणि संदर्भ म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे. २०१२ मध्ये ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की, अॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या पेपरांतले प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा निष्कर्ष जुळले फक्त ६ पेपरांचे. गाजलेले म्हणजे इतरांनी आधाराला घेतलेले. चुकीच्या पायावर किती तरुणांची पीएचडीची वर्षं गेली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

राऊसच्या विषाणूनं मात्र पाया दिला. १९७६ मध्ये स्टेहेलिन, वार्मस, बिशप आणि फोग्ट यांनी दाखवलं की त्या विषाणूतला कर्करोग घडवणारा जनुक मुळात निरोगी पक्ष्यांच्या पेशींतूनच आलेला आहे. बिघाडाची शक्यता आपल्याच पेशीत असते, ही आजची समज तिथून पक्की झाली. बिशप आणि वार्मस यांना १९८९ चं नोबेल मिळालं.

तुमच्या घरातलं कुणी पीएचडीसाठी गाईड शोधत असेल, तर गूगल स्कॉलरवरचा आकडा जरूर बघू द्या. पण त्याच बैठकीत त्या व्यक्तीचे दोन पेपर उघडायला लावा आणि इतरांनी त्यांचा संदर्भ कशासाठी दिला आहे ते वाचायला सांगा: पद्धत उचलायला, निष्कर्ष खोडायला, की नुसतं प्रस्तावनेत नाव घ्यायला. एक दुपार पुरते.

पुढच्या आठवड्यात : स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ.