विजेच्या तारांवरील त्यागराज

पौष वद्य पंचमी ही संतश्रेष्ठ त्यागराजस्वामींची पुण्यतिथी. तंजावरनजीक तिरुवय्यारू येथे कावेरीतीरी त्यांची समाधी असून या दिवशी शेकडो गायक-वादक तेथे एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती रामचरणी रुजू करतात. भोसल्यांच्या राज्यात तिकडील हरिकथेने आपल्या मराठी कीर्तनाचे पुष्कळ काही आत्मसात केले. म्हणून लेकीच्या सासराविषयी वाटावी तशी ओढ आम्हां कीर्तनकारांना त्या भूमीविषयी वाटते.

१९७८ साली आंध्रातील गुडिवाडा येथे अशाच आराधना-उत्सवात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा वादनास बसला. हाती वीणा नव्हती. होते मूळचे इटलीचे आणि आपल्याकडे चित्रपटगीतांतून कानी पडणारे मॅंडोलिन! हा पालकोल्लूचा उप्पलपू श्रीनिवास. त्याचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू हे चेंबै वैद्यनाथ भागवतरांचे शिष्य. त्यांना स्वतःला मॅंडोलिन येत नव्हते. ते गात, आणि शिष्य तेच तारेवर उतरवी. माझ्या मते सारे मर्म येथेच आहे. वाद्य परके असले तरी विद्या कंठातून आली.

परंतु केवळ निष्ठेने वाद्य वळत नाही. मॅंडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात, पडदे आडवे येतात आणि छेडलेला स्वर लगेच विरतो. कर्नाटक संगीताचा प्राण तर गमक. आपल्या देवगिरीला तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने गमकाचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. विरणाऱ्या स्वराला आंदोलन कोठून द्यावे? श्रीनिवासने विद्युत मॅंडोलिन घेतले. ते दिसायला लहानशा विद्युत गिटारसारखे. जोड-तारांऐवजी त्याने पाच एकेरी तारा ठेवल्या. पोलादी तारेचे कंपन खालील चुंबक टिपतो आणि त्याची वीज होते. ती ध्वनिवर्धकातून मोठी होऊन येत असल्याने स्वर रेंगाळतो, आणि तार ओढून त्याला गमकाचे वळण देता येते.

जाणत्यांनी प्रथम नाके मुरडली. त्यात नवल ते काय! ज्या पेटीवाचून आज आमचे कीर्तन उभे राहत नाही, तिलाही १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर मज्जाव होता. माझ्या बालपणी एका वयोवृद्ध बुवांनी ‘हे विलायती भाते देवापुढे नकोत’ म्हणून पेटी सभामंडपाबाहेर ठेवावयास लावली होती. आणि नेमका पुढे मांडीवर व्हायोलिन घेऊन बसलेला साथीदार त्यांना चालत होता. तेही विलायतीच. मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी ते दक्षिणेत रुजवून दोन शतके होत आली, एवढाच काय तो भेद.

तथापि माझी एक अढी अजून गेलेली नाही. विजेने स्वर मोठा होतो, तसा कर्कशही होतो. उत्सवातील कर्ण्यांनी काकड्याची कशी वाट लावली, हे वाचकांना सांगावयास नको. श्रीनिवासच्या हाती वीज कह्यात राहिली. प्रत्येकाच्या हाती ती राहीलच असे नाही.

१९८१ साली मद्रासच्या डिसेंबर उत्सवात त्याने कचेरी केली. पुढे जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकासमवेत तो देशोदेशी वाजवीत फिरला. १९९८ साली त्याला पद्मश्री लाभली. प्रसन्ना नावाच्या वादकाने तर साक्षात विद्युत गिटारवरच कृती वाजवून दाखविल्या. श्रीनिवासचे १९ सप्टेंबर २०१४ रोजी चेन्नईत निधन झाले, तेव्हा तो अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका पहाटे मी त्याची ध्वनिफीत लावली होती. देवपूजेची तयारी करता करता मातोश्रींनी विचारले, ‘वीणा कोण वाजवतंय रे?’ मी वेष्टनावरील ते लाल-तांबूस वाद्य दाखविले. सहाणेवरचा हात थांबवून त्या क्षणभर चित्र पाहत राहिल्या. तेवढ्यात फीत संपली.

‘उलटी कर ती,’ त्या म्हणाल्या, ‘गंध उगाळून व्हायचंय अजून.’