नवे वर्ष आणि बिनतारखेची उधारी

इंग्रजी नवे वर्ष जवळ आले की संकल्पांचा हंगाम सुरू होतो. कोणी खर्रा सोडतो, कोणी पहाटे फिरायला जायचे ठरवतो, कोणी दुकान वेळेवर उघडण्याची शपथ घेतो. जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत तीच मंडळी पानटपरीवर पुन्हा दिसू लागतात. व्यापाऱ्याला तर नव्या वर्षांचा मुळीच तुटवडा नाही. मुहर्रमला हिजरी साल बदलते, गुढीपाडव्याला शक बदलतो, दिवाळीच्या पाडव्याला शेजारचे मारवाडी-गुजराती व्यापारी नव्या वह्या घालतात आणि 1 एप्रिलला सरकारचे वर्ष लागते. इतक्या वेळा नव्याने सुरुवात करण्याची संधी मिळूनही कापडधंद्यातून जी सवय हलत नाही, ती बिनतारखेची उधारी होय. तंबाखूविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही येथे या दुसऱ्या व्यसनाविषयी लिहीत आहोत.

उधारी वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. उधारीशिवाय कापडाचा व्यापार चालत नाही आणि पूर्वीही चालत नव्हता. वाईट आहे ती तारीख न ठरवण्याची सवय. "पाहू", "देऊन टाकू", "पेठेत आलो की देतो", या तीन वाक्यांवर लाखोंचा माल इकडून तिकडे जातो.

आमचे मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातील मालेगाव जहाँगीर. 1 जुलै 1998 रोजी वाशिम जिल्हा झाला, तोवर आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. बिल्टीवर 'जि. वाशिम' ठळक लिहिले नाही तर आमची गाठ नाशिक जिल्ह्यातील मालेगावी जाऊन पडते, हा अनुभव येथील बहुतेक कापड दुकानदारांना असेल. पण या दोन मालेगावांचे नाते नावापुरतेच नाही. तिकडच्या यंत्रमागांवर विणलेले ग्रे कापड राजस्थानात पाली-बालोतऱ्याला किंवा गुजरातेत रंगाई-छपाईसाठी जाते आणि परकराचे कापड, अस्तर, पॉपलीन होऊन घाऊक पेठांमार्गे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील फळीवर येते. आमच्याकडील शेतकरी सोयाबीन विकल्यावर पैसे देतो. दुकानदार शेतकऱ्याकडे बोट दाखवतो, अकोल्याचा घाऊक व्यापारी दुकानदाराकडे आणि दलाल घाऊक व्यापाऱ्याकडे. या रांगेच्या शेवटी जो विणकर उभा आहे त्याला मात्र बोट दाखवायला कोणी नाही. सूतवाला त्याला फार थांबू देत नाही, मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. पैसा अडकला की माग थांबतो आणि माग थांबला की मजुराच्या घरची चूल थांबते. दुकानात "पाहू" म्हणताना हे कोणाच्या ध्यानात नसते.

ही सवय मोडण्यासाठी उपदेश पुष्कळ झाले. कायदाही झाला होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की सूक्ष्म व लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत व करार नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यावेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ पद्धतीने, व्याज द्यावे. किती विणकरांनी हे व्याज मागितले? ज्या गिऱ्हाइकाकडून पुढच्या महिन्याची ऑर्डर हवी, त्याच्यावर दावा कोण लावणार? कायदा पुस्तकात राहिला आणि पेठेचा दस्तूर पेठेत राहिला.

मग 2023 च्या वित्त कायद्याने 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 43बी मध्ये (ह) हे छोटेसे पोटकलम जोडले आणि ते 1 एप्रिल 2024 पासून, म्हणजे 2023-24 च्या हिशेबापासून, लागू झाले. त्याचा अर्थ सोपा आहे. ठरलेल्या मुदतीत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे दिले नाहीत तर ती खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरली जाणार नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी ती खर्चात येईल. समजा, मुदत उलटून गेलेले 3 लाख रुपयांचे देणे 31 मार्चला तसेच राहिले. ही रक्कम उत्पन्नात मिळवली जाईल आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यातील व्यापाऱ्यावर उपकरासह 93,600 रुपयांचा कर आधी चढेल.

मार्च 2024 मध्ये सुरतेपासून इचलकरंजीपर्यंत कापडबाजारात या एकाच कलमाची चर्चा होती. काहींनी वर्षानुवर्षे न दिलेली बाकी घाईने चुकती केली, काहींनी माल परत पाठवला. काही महाभागांनी तर विणकरालाच उद्यम नोंदणी रद्द करण्याचा सल्ला दिला! म्हणजे सवय सोडण्यापेक्षा समोरच्याने आपला हक्क सोडावा. तरीही आमचे मत असे की या कलमाने पेठेला एक गोष्ट शिकवली. उधारीला तारीख असू शकते आणि ती पाळलीही जाऊ शकते. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद ठेवलेली आहे.

याउलट गुटख्याची गोष्ट पाहा. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटखा बंद आहे, पण पुडी कोठे मिळते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बंदीत विकणारा कधीतरी पकडला जातो, खाणाऱ्याला त्या दिवशी काहीच झळ लागत नाही. 43बी ने ज्याची सवय त्याच्याच खिशाला हात घातला आणि तोही ठराविक तारखेला.

मात्र हा कायदा आमच्या गावापर्यंत पोहोचत नाही, हे व्यापारी बांधवांनी नीट समजून घ्यावे. तो उत्पादक आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी 2021 पासून मिळते खरी, पण तिचा फायदा बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता आहे. म्हणून अकोल्याच्या घाऊक व्यापाऱ्याचे मालेगावच्या दुकानदाराकडे जे येणे, आणि दुकानदाराचे मेडशी किंवा शिरपूरच्या गिऱ्हाइकाकडे जे येणे, त्याला 45 दिवसांचा धाक नाही. तेथे दुकानदाराची स्वतःची शिस्त हाच कायदा.

आणि शिस्त लावणे सोपे नाही, कारण आमच्या गिऱ्हाइकाची तारीख त्याच्या हातात नसते. पोळ्याला आणि दिवाळीला कापड जाते, पैसे सोयाबीनचे येतात. 2024-25 च्या हंगामात केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर केला होता, पण विदर्भातील बाजार समित्यांत भाव महिनोन्महिने त्याच्या खाली राहिला. अशा वर्षी शेतकऱ्याने माल घरात ठेवला तर त्याला दोष कसा द्यावा? पण याच कारणासाठी तारीख लिहिलेली हवी. तारीख असली की ती वाढवूनही देता येते. जी मुळात ठरलीच नाही ती वाढवणार कशी? सूरह बकरामध्ये उधारीची मुदत ठरवून ती लिहून ठेवण्याचा तपशीलवार आदेश आहे. 282 वी ही आयत संपूर्ण कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. तिच्या दोनच आयती आधी अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आहे. लिहिणे आणि सवड देणे यांत विरोध नाही. आमच्या पेठेत लिहिणे म्हणजे अविश्वास, असा उलटा समज रूढ झाला आहे.

थोडा हिशेबही करू. हजार रुपयांच्या पीसवर दुकानदाराला 150 रुपये सुटतात असे धरले, तर एक पीस बुडाला की त्याची 850 रुपयांची खरेदी भरून काढायला जवळजवळ सहा पीस विकावे लागतात. दुसरी बाजू खरेदीची. घाऊक व्यापारी 90 दिवसांऐवजी 15 दिवसांत पैसे दिल्यास 4 टक्के वटाव देत असेल आणि तो आपण सोडला, तर 75 दिवसांच्या सवडीसाठी आपण वर्षाला सुमारे 20 टक्के दराने व्याज भरतो. इतक्या महाग पैशाला आपण फुकटची उधारी म्हणतो. पुष्कळदा बँकेचे कर्ज याहून स्वस्त पडते, अर्थात ज्यांना बँकेचे व्याज नको त्यांनी तर वटाव सोडूच नये.

सवय मोडायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 तर कोणाला 254 लागतील असे आढळले. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही. म्हणून 1 जानेवारीच्या रात्री सर्व गिऱ्हाइकांची उधारी बंद करण्याची घोषणा करणाऱ्याने ती करू नये, ती टिकणार नाही. त्यापेक्षा गल्ला मोजल्यावर, शटर ओढण्याआधी, त्या दिवशी दिलेल्या प्रत्येक उधारीपुढे परतीची तारीख लिहिण्याचे एकच काम धरावे. 1 जानेवारीला धरले तर 66 वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. सरकारी वर्ष संपायला तेव्हा तीन आठवडे उरलेले असतात.

जुन्या बाकीचे काय करावे? आमच्या वह्यांत 'मागील पानावरून पुढे' हे शब्द दरवर्षी लिहिले जातात आणि त्याखालची रक्कम अनेकदा तीच असते. (जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. उर्दू शाळेत शिकल्यामुळे आम्हाला ही वही कधी परकी वाटली नाही.) येथे 1963 चा मुदतीचा कायदा ध्यानात ठेवावा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. मुदत ठरली नसेल तर माल दिल्याच्या दिवसापासून आणि ठरली असेल तर ती संपल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. म्हणजे तारीख लिहिणाऱ्याला कायदाही थोडा जास्त वेळ देतो. तीन वर्षे संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बाकी कबूल असल्याची लेखी सही दिली तर मुदत त्या सहीपासून नव्याने सुरू होते. तोंडी कबुलीला येथे किंमत नाही.

तेव्हा जुनी बाकी नव्या वहीत जशीच्या तशी उतरवण्याऐवजी तिची वेगळी यादी करावी, तीन वर्षांच्या जवळ आलेली नावे आधी काढावीत आणि सही घ्यावी. सही मागितली की गिऱ्हाईक बिचकते, हे खरे. त्यासाठी तगाद्याच्या दिवशी वही पुढे करू नये. गिऱ्हाईक थोडेफार पैसे द्यायला स्वतःहून येते तेव्हा रक्कम त्याच्यासमोर जमा करावी आणि उरलेली बाकी व पुढची तारीख लिहून त्याखाली सही घ्यावी. हातून काही दिलेले असताना माणूस सही सहज करतो.