दम आणि दमा

फारसीतून आलेल्या ‘दम’ या शब्दाशी मराठी माणसाने चांगलाच घरोबा केला आहे. आपण दम देतो, दम धरतो, दम खातो. जिना चढताना आपल्याला दम लागतो. पण धापा टाकणारी सगळी माणसे एकाच दुखण्याची नसतात, हे मला बँकेच्या नोकरीत कळले.

आमच्या शाखेतल्या हेडकॅशिअरना दमा होता. एका तरुण कारकुनाला मार्चअखेरीस ताळा जुळेना की धाप लागे, बोटांना मुंग्या येत, ओठ बधिर होत. लोक दोघांनाही एकच सल्ला देत : ‘मोठा श्वास घ्या!’ तो दोघांच्याही कामाचा नव्हता.

आपला श्वास मुख्यतः प्राणवायूच्या नव्हे, तर कार्बन डायऑक्साइडच्या तालावर चालतो. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली हे दाखवून दिले. भीतीने माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेऊ लागला की हा वायू प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, घेरी येते. घेरीने भीती वाढते आणि भीतीने पुन्हा श्वास. अशा माणसाला श्वास हळू करायला शिकवावे लागते.

दम्याचा हिशेब वेगळा. श्वासनलिका सुजतात, आकसतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. जमा होते, नावे पडत नाही. म्हणून उच्छ्वास लांबतो, शिट्टी वाजते. झटक्याच्या सुरुवातीला श्वास जलद असल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमीच असतो. त्रास तसाच असताना तो ‘नॉर्मल’ झाला, तर डॉक्टर खूश होत नाहीत, सावध होतात. श्वासाचे स्नायू थकत चालल्याची ती खूण असते. शिट्टी थांबली, छाती गप्प झाली, गुंगी आली की घरच्यांना वाटते, ‘चला, डोळा लागला.’ तो आराम नव्हे. ती धोक्याची घंटा असते.

रशियातल्या बुतेयकोंच्या पद्धतीसारख्या श्वासाच्या व्यायामांनी दमेकऱ्यांचा त्रास हलका होतो. नलिकांची सूज मात्र त्याने उतरत नाही. ती उतरवायला स्टेरॉइडचा पंप लागतो. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो कपाटात ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना तोडगा तर दमेकऱ्याला घातकच.

तेव्हा समोरचा धापा टाकत असेल, तर उपदेशाआधी एवढेच पाहा : त्याला एका दमात एक वाक्य पुरे करता येते का? येत नसेल, तर पंप हाती द्या आणि तडक इस्पितळ गाठा. तिथे दम धरण्यात शहाणपण नाही.