सिस्टर, घाबरायचं नाही, बोलायचं!

'सर, यात काहीतरी गडबड आहे' हे बॉसला सांगताना जीभ अडखळते ना? तुमचं फार तर एखादं प्रेझेंटेशन बोंबलेल. पण नर्सिंगची स्टुडंट गप्प बसली, तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन लावायचा, ते वैतागले तरी मुद्दा सोडायचा नाही... एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींत हे धाडस येणार कुठून?

सरावातून! जागतिक आरोग्य संघटनेने 1990च्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली. संवाद, निर्णयक्षमता, समानुभूती, ताण हाताळणं ही त्यातलीच. ती नुसती पाठ करून येत नाहीत. इंजेक्शन द्यायला आधी डमीवर शिकतात, तसं बोलायलाही रोल-प्लेमध्ये शिकावं लागतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने 2021मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा आठ सेमिस्टरच्या या कोर्समध्ये प्रत्यक्ष काय करता येतं, यावर भर दिला.

बोलण्याच्या सरावासाठी एक झकास फॉर्म्युला आहे, 'एसबीएआर'. मूळचा अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरचा, आता हॉस्पिटलांत रुळलेला. फोनवर तो असा वापरायचा:

सिच्युएशन: 'सर, बेड नंबर 12च्या पेशंटचं बीपी 90/60 झालंय.'
बॅकग्राउंड: 'दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी बीपी 120/80 होतं.'
असेसमेंट: 'पल्स 120 आहे, हातपाय गार पडलेत. आत रक्तस्राव होत असावा, अशी शंका येतेय.'
रेकमेंडेशन: 'तुम्ही लगेच येऊन बघा.'

चार मुद्दे, अर्धं मिनिट, नो पाल्हाळ! डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, तर ते लिहून घ्यायचं आणि त्यांना परत वाचून दाखवायचं. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' कानाला जवळजवळ सारखेच वाटतात, पण डोसमध्ये तिपटीहून जास्त फरक पडतो.

आणि सगळं करूनही पेशंट गेला तर? पुढच्या बेडवरच्या आजोबांची औषधाची वेळ झालेलीच असते. डोळे पुसून तिकडे जावंच लागतं. पण ड्युटी संपल्यावर सीनियरपाशी किंवा मैत्रिणीपाशी मन मोकळं करणं, ही चैन नाही. ताण हाताळण्याचं कौशल्य म्हणतात ते हेच. जी शिक्षिका वर्गात 'काल वॉर्डात काय वाटलं?' एवढं विचारते, ती अर्धी लढाई जिंकून देते.

तुमच्या पुढच्या मीटिंगलाही हा फॉर्म्युला वापरून बघा. काय झालं, आधी काय होतं, मला काय वाटतं, आता काय करायचं. बोला बिनधास्त!