हँगार्डच्या समाधीवरील मराठी नाव

जबलपूर हे तोफगाड्यांचे शहर. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. अशा छावणीच्या गावातील कुटुंबांना युद्ध परके नाही. तथापि शस्त्रांची मोजदाद काटेकोर राहते. माणसांची नावे मात्र लवकर पुसली जातात. परदेशी आकाशात लढताना धारातीर्थी पडलेल्या एका मराठी वैमानिकाचे नाव असेच पुसले जाण्याच्या बेतात होते.

श्रीकृष्ण वेलिंगकर हे मुंबईचे. ते केंब्रिज येथे शिकत होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले म्हणून ज्या चार भारतीय वैमानिकांची नावे प्रामुख्याने घेतली जातात, त्यांपैकी ते एक. फ्रान्समधील तेविसाव्या स्क्वॉड्रनमध्ये ते एकासनी 'डॉल्फिन' विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले त्यांचे विमान परतले नाही. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती पडले व ३० जून रोजी त्यांनी देह ठेवला.

शत्रूने त्यांचे दफन केले खरे. परंतु अनोळखी आडनाव लिहिताना त्याचा पार अपभ्रंश झाला. युद्ध संपले, तरी घरी निश्चित वार्ता पोहोचेना. पुत्र जिवंत आहे की नाही, हेच ज्या घराला ठाऊक नाही, त्याने सुतक तरी कसे पाळावे? पुढे चौकशीअंती ओळख पटली. आज फ्रान्समधील हँगार्ड येथील युद्धस्मशानभूमीत त्यांच्या समाधीवर त्यांचे खरे नाव कोरलेले आहे.

त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कोलकात्याचे इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ च्या अवघ्या दोन आठवड्यांत दहा विजय मिळविले आणि २२ जुलै रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते कामी आले. एरोल सेन युद्धकैदी झाले. हरदितसिंग मलिक जखमी होऊनही बचावले व पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले.

दुसऱ्या महायुद्धात युद्धाचा भार बॉम्बर विमानांवर आला. त्यांतही एक मराठी नाव आहे: शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. लँकेस्टर विमानात नकाशा व घड्याळ यांच्या आधारे मार्ग दाखविणारे ते नॅव्हिगेटर. त्यांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक मिळाले आणि ते सुखरूप परतले. ते ज्या विमानांतून उडाले, त्यांपैकी एक लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. मात्र ब्रिटनच्या बॉम्बर दलातील ५५,५७३ जण परतले नाहीत. ज्यांना समाधीही लाभली नाही, अशा वीस हजारांहून अधिक वैमानिकांची नावे इंग्लंडमधील रनीमीड येथील स्मारकावर आहेत. त्याचे अनावरण १९५३ साली झाले.

यातून आपण काय घ्यावे? स्मरणासाठी संगमरवर लागतोच असे नाही. अचूक नोंद पुरते. आपल्याही घरातील जुन्या ट्रंकेत एखाद्या सैनिकाचे पदक, तार अथवा छायाचित्र असेल. त्यामागे त्याचे पूर्ण नाव, गाव, पलटण आणि साल शाईने लिहून ठेवावे. वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे व मुलांना वाचून दाखवावे. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाची नोंदवही सर्वांना खुली आहे. तीत आपल्या माणसाचे नाव शोधावे, आणि ते चुकीचे आढळल्यास पुराव्यासह कळवावे. वेलिंगकरांना त्यांचे नाव परत मिळाले, कारण कोणीतरी विचारणे सोडले नाही.