अंदाज अचूक, तरीही जीवितहानी : आर्क्टिक थंडीच्या लाटेचा धडा

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासनाने, म्हणजेच ‘नोआ’ने, आगामी हिवाळ्याचा अंदाज जाहीर केला. प्रशांत महासागरात ‘ला नीना’ची स्थिती असल्यामुळे देशाच्या दक्षिण भागात हिवाळा सरासरीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता त्यात वर्तवण्यात आली होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ च्या मध्यास, याच दक्षिण भागातील टेक्सास राज्य आर्क्टिक थंडीने गारठून गेले. १६ फेब्रुवारी रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत घसरला. १९४९ नंतर एवढे कमी तापमान तेथे नोंदले गेले नव्हते. राज्याच्या आरोग्य विभागाने नंतर दिलेल्या आकडेवारीनुसार या आपत्तीत २४६ जणांचा मृत्यू झाला.

मग हवामानशास्त्रज्ञांचा अंदाज चुकला होता काय? या प्रश्नाचे उत्तर हंगामी अंदाज आणि अल्पकालीन अंदाज यांतील फरकात आहे.

हंगामी अंदाज काय सांगतो?

हंगामी अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीविषयी बोलतो आणि तोही शक्यतेच्या भाषेत. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान हळूहळू बदलते, म्हणून त्याच्या आधारे संपूर्ण ऋतूचा कल आधी सांगता येतो. परंतु नव्वद दिवसांपैकी नेमक्या कोणत्या आठवड्यात कडाका पडेल, हे त्यातून कळत नाही. हिवाळा एकंदरीत उबदार गेला, तरी त्यातील सात-आठ दिवस प्राणघातक ठरू शकतात. ते दिवस ओळखण्याचे काम एक-दोन आठवड्यांच्या अंदाजाचे असते.

ध्रुवीय भोवरा

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथील हवा अतिशय थंड होते आणि जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, स्थितांबरात, तिच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे फिरू लागतात. यालाच ध्रुवीय भोवरा म्हणतात. हा भोवरा बलवान असतो, तेव्हा बहुतांश थंड हवा उत्तरेकडेच कोंडलेली राहते. काही वेळा मात्र खालच्या वातावरणातील प्रचंड लहरी वर पोहोचतात, स्थितांबराचे तापमान काही दिवसांत अनेक अंशांनी वाढते आणि भोवरा दुर्बल होतो किंवा दुभंगतो. जानेवारी २०२१ च्या प्रारंभी अशीच घटना घडली होती.

अशा घटनेचा परिणाम खालच्या वातावरणात पुढील अनेक आठवडे जाणवू शकतो. जेट प्रवाह नागमोडी होतो आणि ध्रुवीय हवा दक्षिणेकडे उतरण्याची शक्यता वाढते. टेक्सासमधील थंडीत या घटनेचा वाटा नेमका किती होता, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. तापणाऱ्या आर्क्टिकमुळे अशा लाटा वाढत आहेत काय, हाही वादाचा विषय आहे. भूगोलाचा वाटा मात्र निर्विवाद आहे. कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत विस्तीर्ण मैदान पसरलेले आहे आणि उत्तरेकडून येणाऱ्या हवेला अडवणारा एकही आडवा पर्वत वाटेत नाही.

इशारा मिळाला, सिद्धता नव्हती

अल्पकालीन अंदाज या वेळी चुकला नव्हता. तीव्र थंडीची पूर्वकल्पना काही दिवस आधीच देण्यात आली होती. १२ फेब्रुवारी रोजी राज्यपालांनी सर्व २५४ काउंट्यांसाठी आपत्ती घोषित केली. १४ फेब्रुवारीला या सर्व काउंट्या हिमवादळाच्या इशाऱ्याखाली होत्या.

उणीव होती ती वीजयंत्रणेत. टेक्सासचे वीजजाळे देशातील अन्य जाळ्यांपासून बहुतांशी अलग आहे, त्यामुळे बाहेरून वीज आणण्यास मर्यादा होत्या. नैसर्गिक वायूच्या विहिरी, वाहिन्या आणि वीजनिर्मिती केंद्रातील उपकरणे गोठली. पवनचक्क्या आणि कोळशावरील संचही बंद पडले, परंतु सर्वाधिक संच नैसर्गिक वायूवर चालणारे होते. १५ फेब्रुवारीच्या पहाटे विजेची वारंवारता धोक्याच्या पातळीखाली गेली आणि संपूर्ण जाळे कोसळण्यास अवघी काही मिनिटे उरली. ते वाचवण्यासाठी सक्तीचे भारनियमन करावे लागले आणि ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली.

मृतांपैकी बहुतेकांचा जीव शरीराचे तापमान घसरल्याने गेला. काही जण ऊब मिळवण्यासाठी बंद जागेत मोटार, जनरेटर किंवा शेगडी चालवल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड वायूचे बळी ठरले. विशेष म्हणजे २०११ मधील अशाच थंडीनंतर यंत्रणेला शीतरोधक बनवण्याची शिफारस करण्यात आली होती. ती पुरेशी अमलात आली नव्हती. अखेर २०२१ च्या दुर्घटनेनंतर राज्याने तसा कायदा केला.

भारतासाठी बोध

भारताला हिमालयाची तटबंदी लाभली आहे. मध्य आशिया आणि सायबेरियातील अतिशीत हवा ती थेट आत येऊ देत नाही. आपल्याकडील थंडीची लाट बहुधा पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यावर येते. पर्वतांवर बर्फ पडतो, आकाश निरभ्र होते आणि वायव्येकडून कोरडे थंड वारे मैदानात उतरतात. तेच वारे पुढे मध्य प्रदेश, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात पोहोचतात. मुंबईसारख्या किनारी शहरातही २२ जानेवारी १९६२ रोजी तापमान ७.४ अंशांपर्यंत उतरले होते.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली असेल, तर थंडीची लाट मानली जाते. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट घोषित होते. इशाऱ्यांसाठी पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग वापरले जातात. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारिंगी सज्ज राहण्यास आणि लाल तत्काळ कृती करण्यास सांगतो.

हिवाळा उबदार राहील, असा हंगामी अंदाज वाचून निर्धास्त होणे योग्य नाही. द्राक्षबागायतदार असो, रात्रनिवारा चालवणारी महापालिका असो वा वृद्ध माणसे असलेले कुटुंब असो, प्रत्येकाने ऋतूच्या कलाबरोबरच दर आठवड्याचा अंदाजही पाहिला पाहिजे. घरात शेगडी पेटवल्यास खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी ती विझवून बाहेर ठेवावी. टेक्सासमध्ये इशारा वेळेवर पोहोचला होता. त्यानंतर करावयाची तयारी मात्र दहा वर्षे रेंगाळली होती.