सनद कोणाची, अखत्यार किती? — मुख्य रब्बीविषयीचे काही रूढ गैरसमज

वृत्तपत्रांतून ‘ज्यूंचे मुख्य धर्मगुरू’ अशी शब्दयोजना अधूनमधून छापून येते, आणि ती वाचणाऱ्याच्या मनात रोमच्या पोपविषयी जी कल्पना रूढ आहे तिच्याच साच्यातली एक व्यक्ती उभी राहते. म्हणजे जगभरच्या ज्यूंवर जिची आज्ञा चालते, जिचा शब्द हाच धर्म ठरतो आणि जिचे आसन मोझेसच्या काळापासून अखंड चालत आले आहे अशी. या कल्पनेतील एकही अंश वस्तुस्थितीला धरून नाही. सर्व ज्यूंचा एक मुख्य रब्बी आज अस्तित्वात नाही आणि पूर्वीही कधी नव्हता. निरनिराळ्या देशांत जे मुख्य रब्बी आहेत त्यांच्यापैकी एकाचा दुसऱ्यावर अधिकार नाही. आणि हे पद धर्मग्रंथांतून आलेले नसून बव्हंशी राजेरजवाड्यांच्या फर्मानांतून, सरकारी कायद्यांतून आणि जमातींच्या आपापसांतील करारमदारांतून जन्माला आलेले आहे.

मुळात रब्बी म्हणजे पुरोहित ही समजूतच प्रथम बाजूला सारली पाहिजे. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केले तेव्हा तेथील बलिविधी कायमचे बंद पडले, आणि ते विधी करणाऱ्या कोहेन कुळाकडे आशीर्वचनासारखी काही मानाची कृत्ये तेवढी उरली. रब्बीचा व्यवसाय वेगळा : तोरा आणि तालमूद यांचे दीर्घ अध्ययन केलेला, आहार, विवाह, घटस्फोट, शब्बाथ अशा विषयांत शास्त्रनिर्णय देणारा तो पंडित असतो. सनातनी परंपरेत दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होते. त्यांत रब्बी असलाच पाहिजे असे मुळीच नाही. पैठणच्या पंडितांचे निर्णयपत्र आपल्याकडे दूरदूरच्या गावांनी शिरोधार्य मानले ते त्यांच्या व्यासंगामुळे, त्यांना कोणी अधिकारपदावर बसविले होते म्हणून नव्हे. रब्बीच्या अधिकाराचे मूळही तसेच विद्वत्तेत आहे. विसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये राहणारे मोशे फाइनस्टाइन हे कोणत्याही देशाचे मुख्य रब्बी नव्हते, तरी बिकट प्रश्नांवर त्यांचे मत मागविणारी पत्रे जगभरातून येत. आणि १९७३ ते १९८३ या काळात इस्रायलचे सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पॅनिश व पौर्वात्य परंपरेचे, मुख्य रब्बी असलेले ओवाडिया योसेफ यांचा प्रभाव पदावरून उतरल्यावर घटला नाही, उलट वाढला.

मग हे ‘मुख्य’पण आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर राज्यकर्त्यांच्या दफ्तरात शोधावे लागते. धर्माने निराळ्या असलेल्या प्रजेकडून कर वसूल करावयाचा, तिच्यातील तंटे आपल्या दारी येऊ द्यावयाचे नाहीत आणि हुकूम पोहोचवावयाचा तर तो एकाच हाती द्यावयाचा, ही कोणत्याही राजसत्तेची सोय असते. इंग्लंडच्या जॉन राजाने ११९९ साली लंडनच्या जेकब नावाच्या गृहस्थास देशातील सर्व ज्यूंचा प्रमुख म्हणून हयातीची सनद दिली. त्या पदाचा संबंध धर्मनिर्णयापेक्षा राजाच्या खजिन्याशी अधिक होता असे अनेक इतिहासकार मानतात. स्पेनमधील कास्तीलच्या राज्यात दरबारी रब्बीचे पद होते, आणि त्यावरील शेवटचा पुरुष अब्राहम सेनेओर हा राज्याच्या महसुलाचा मोठा मक्तेदार होता. १४९२ साली ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा त्याच्या अनुयायांपैकी असंख्य लोकांनी घरदार सोडून परागंदा होणे पत्करले, आणि त्याने स्वतः मात्र बाप्तिस्मा घेतला. दरबाराने दिलेले प्रमुखत्व आणि समाजाचे नेतृत्व या दोन वस्तू किती भिन्न असू शकतात याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

तुर्कस्तानच्या सुलतानाने १८३५ साली इस्तंबूलच्या ज्यूंसाठी ‘हाहाम बाशी’ या पदास अधिकृत मान्यता दिली, ग्रीक आणि आर्मेनियन ख्रिस्ती प्रजेच्या धर्मप्रमुखांना जी होती तशीच. आणि १८६५ साली त्या संस्थेचा कारभार कसा चालावा याचा निजामनामाही जारी झाला. फ्रान्समधील कथा अधिक उद्बोधक आहे. नेपोलियनने १८०७ साली पॅरिसमध्ये एकाहत्तर सभासदांची ‘महासभा’ भरविली, स्ट्रासबर्गचे रब्बी डेव्हिड सिन्झहाइम यांना तिचे अध्यक्ष केले, आणि पुढल्याच वर्षी १७ मार्च १८०८ च्या फर्मानाने ज्यूंच्या धर्मकारभाराची एक सरकारी यंत्रणा उभारली, जिच्या शिरोभागी महारब्बी होते. या रब्बींच्या कर्तव्यांत काय होते ते पाहिले म्हणजे पदाचे स्वरूप उलगडते : महासभेच्या निर्णयांबाहेर काही शिकवू नये, राजाज्ञेचे पालन करण्याचा उपदेश करावा, आणि लष्करी सेवा हे पवित्र कर्तव्य आहे असे अनुयायांच्या मनावर बिंबवावे. १८३१ पासून फ्रेंच सरकार रब्बींना पगारही देऊ लागले. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य यांची फारकत झाली तेव्हा तो पगार थांबला, परंतु आल्सास आणि मोझेल हे प्रदेश त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात असल्यामुळे तेथे जुनी पद्धत आजतागायत चालू आहे.

दुसरा गैरसमज असा की, निदान एका देशापुरते तरी मुख्य रब्बीचे शासन सर्व ज्यूंवर चालत असले पाहिजे. ब्रिटनमध्ये मुख्य रब्बींची प्रतिष्ठा मोठी आहे यात संशय नाही. १८४५ मध्ये पदारूढ झालेले नेथन मार्कस ॲडलर यांनी साम्राज्यभरच्या अनेक सिनेगॉगांना एका शिस्तीत आणले. १९८८ साली इमॅन्युएल जेकोबोविट्स हे उमराव सभेत बसणारे पहिले मुख्य रब्बी ठरले. आणि ६ मे २०२३ रोजी चार्ल्स राजांचा राज्याभिषेक शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी आला तेव्हा मुख्य रब्बी एफ्राइम मिर्विस यांना वाहन वापरावे लागू नये म्हणून राजांनी त्यांच्या निवासाची व्यवस्था आदल्या रात्री सेंट जेम्स प्रासादात केली, आणि तेथून ते वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत पायी गेले. इतका मानमरातब असूनही त्यांचा धार्मिक अखत्यार ‘युनायटेड सिनेगॉग’ ही संघटना आणि तिच्याशी संलग्न सनातनी मंडळींपुरताच आहे. रिफॉर्म आणि लिबरल पंथांचे ज्यू त्यांना आपले धर्माधिकारी मानीत नाहीत. स्पॅनिश-पोर्तुगीज परंपरेची जमात स्वतंत्र. कट्टर हरेदी जमातींची न्यायपीठेही निराळी. मुख्य रब्बी इस्रायल ब्रोडी यांनी १९६१ नंतरच्या काळात लुई जेकब्स या विद्वानाची नेमणूक त्यांच्या तोरासंबंधीच्या मतांमुळे रोखून धरली, तेव्हा जेकब्स यांचे चाहते १९६४ साली सरळ वेगळे निघाले आणि त्यांनी नवे सिनेगॉग स्थापिले. त्यांना अडविणे मुख्य रब्बींच्या हाती नव्हते. रशियात तर २००० सालापासून दोन निरनिराळ्या संघटनांचे दोन मुख्य रब्बी एकाच वेळी ती पदवी धारण करीत आले.

अमेरिकेत देशाचा मुख्य रब्बी नाही, आणि तो का नाही हे न्यूयॉर्कमधील एका शोकपर्यवसायी प्रकरणावरून कळते. तेथील पूर्व युरोपीय ज्यूंच्या काही सिनेगॉगांनी एकत्र येऊन १८८८ साली व्हिल्नाहून जेकब जोसेफ या नामांकित प्रवचनकारांना मुख्य रब्बी म्हणून पाचारण केले. शहरातील कोशर, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे ग्राह्य, मांसाच्या व्यापारात जी बेबंदशाही माजली होती ती त्यांनी आवरावी ही मुख्य अपेक्षा. त्यांनी निरीक्षक नेमले, तपासून पास केलेल्या प्रत्येक कोंबडीच्या पायाला शिशाची मोहर अडकविण्याची पद्धत सुरू केली आणि खर्चासाठी दर कोंबडीमागे एक सेंट आकारण्याचे ठरले. रशियात झारच्या राज्यात मांसावर जो जाचक कर असे त्याच्या आठवणी मनात ताज्या असलेल्या गृहिणींना तो एक सेंट म्हणजे त्याच जुन्या पट्टीची पुनरावृत्ती वाटली, खाटीक बिथरले, इतर प्रांतांतून आलेल्या ज्यूंनी आपला वेगळा मुख्य रब्बी उभा केला, आणि काही वर्षांत जोसेफ यांचा पगारही बंद पडला. अर्धांगाने खिळलेल्या अवस्थेत १९०२ च्या जुलैत ते वारले. ज्या शहराने त्यांना जिवंतपणी सांभाळले नाही त्याच शहरातील हजारो ज्यू त्यांच्या अंत्ययात्रेस लोटले; वाटेत छापखान्याची यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांनी वरून लोखंडी तुकडे आणि पाणी फेकले, दंगल उसळली, आणि पोलिसांनी शोकाकुल जमावावरच दंडुके चालविले. राज्यसत्तेचे पाठबळ नाही आणि समाजाची एकमुखी संमतीही नाही अशा स्थितीत ही पदवी किती निराधार असते, याची साक्ष त्या सज्जनाच्या आयुष्याने दिली.

याचा अर्थ मुख्य रब्बी म्हणजे केवळ समारंभापुरती शोभेची व्यक्ती, असा मात्र कोणी काढू नये. १९४३ च्या ऑगस्टअखेर डेन्मार्कचे मुख्य रब्बी मॅक्स फ्रीडिगर यांना जर्मनांनी अटक केली, आणि त्यांच्या जागी काम पाहणारे मार्कस मेल्खिओर यांनी २९ सप्टेंबरच्या सकाळी, ज्यू नववर्षाच्या आदल्या दिवशी, कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये जमलेल्यांना प्रार्थना थांबवून सांगितले की धरपकड होणार आहे, घरी जा, आप्तेष्टांना कळवा आणि लपा. डॅनिश शेजाऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या साह्याने सात हजारांहून अधिक ज्यू समुद्रापार स्वीडनला सुखरूप पोहोचले. त्या सकाळी मेल्खिओर यांच्या हाती कोणतीही सनद नव्हती. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता.

इस्रायलची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे, कारण तेथे मुख्य रब्बीच्या मागे कायदा उभा आहे. ब्रिटिश अमदानीत १९२१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत प्रारंभापासून एक नव्हे तर दोन मुख्य रब्बी आहेत : पहिले अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय परंपरेचे, मुख्य रब्बी अब्राहम आयझॅक कूक आणि पहिले सेफार्दी मुख्य रब्बी याकोव मेइर. आजच्या कायद्याप्रमाणे त्यांची मुदत दहा वर्षांची असते आणि निवड दीडशे मतदारांचे मंडळ करते. त्यांत ऐंशी रब्बी आणि सत्तर लोकप्रतिनिधी व इतर. १९५३ च्या कायद्यान्वये देशातील ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धर्मन्यायालयांच्या कक्षेत येतात. धर्मविवाह नको असलेली जोडपी सायप्रससारख्या परदेशी जाऊन नागरी विवाह करतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निर्णयामुळे सरकारला त्याची नोंद करावी लागते. वल्हांडणाच्या सणापूर्वी राज्याच्या मालकीचे सर्व आंबविलेले धान्यपदार्थ एका बिगर-ज्यू व्यक्तीस करारपत्र करून विकण्याचा विधीही मुख्य रब्बींच्या साक्षीने होतो. परंतु याच देशातले हरेदी पंथ कोशर अन्नासाठी स्वतःच्या न्यायपीठांचे शिक्के अधिक विश्वसनीय मानतात, आणि इस्रायलबाहेरील ज्यूंवर या दोन मुख्य रब्बींचा कायदेशीर हक्क काडीमात्र नाही.

या कायदेशीर अधिकाराची धार ज्यांनी प्रत्यक्ष सोसली ती माणसे आपल्या कोकणची होती, म्हणून त्यांची हकीकत मराठी वाचकाला ठाऊक असणे मला अगत्याचे वाटते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून लागले अशी परंपरा सांगणारे बेने इस्रायल शतकानुशतके घाण्यावर तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवीत. त्यांच्यात मुख्य रब्बी सोडाच, साधा रब्बीही नव्हता. धर्मकृत्ये वंशपरंपरेने काझी पाहत, आणि १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले त्यानंतरही कारभार हझ्झान (प्रार्थना चालविणारे) आणि पंच यांच्याच हाती राहिला. भारताला आजही मुख्य रब्बी नाही, आणि त्यावाचून त्यांच्या सुंता, विवाह, सणवार यांत खंड पडला नाही.

१९४८ नंतर हे लोक इस्रायलला जाऊ लागले तेव्हा काही रब्बींनी त्यांचे विवाह लावण्यास नकार दिला. शंका अशी की, शास्त्र जाणणाऱ्या रब्बींवाचून इतकी शतके काढलेल्या या समाजात घटस्फोटाचे आणि विधवेच्या दिरासंबंधीचे नियम यथाशास्त्र पाळले गेले असतील काय. मुख्य रब्बीसंस्थेने १९६१ मध्ये असे विवाह वैध ठरविले खरे, पण १९६२ च्या आरंभी नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेली की वर वा वधू बेने इस्रायल असेल तर आई, आजी आणि शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. घाण्यावर तेल गाळून शब्बाथ राखलेल्या माणसांच्या नातवंडांकडे पणजीच्या लग्नाचा दाखला मागणे हा, माझ्या मते, सरळसरळ अन्याय होता, आणि त्या समाजाने तो अन्याय म्हणूनच ओळखला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने मध्यस्थी केली. १७ ऑगस्टला क्नेसेटचे, म्हणजे इस्रायलच्या संसदेचे, खास अधिवेशन भरले आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत हे सरकारचे मत तेथे जाहीर झाले.

क्नेसेटला शास्त्रनिर्णय फिरविता येत नव्हता. पण ज्या कायद्याच्या जोरावर तो निर्णय विवाहनोंदणीच्या कचेरीत अंमलात येत होता तो कायदा क्नेसेटचाच होता, ही गोष्ट मुख्य रब्बींना विसरून चालण्यासारखी नव्हती. ३१ ऑगस्ट रोजी सूचनेचा मजकूर बदलण्यात आला. शंकास्पद वंशाची चौकशी करण्याचे कलम राहिले, ते आता कोणाही अर्जदारास लागू झाले. त्यातून ‘बेने इस्रायल’ हे नाव काढून टाकले गेले, आणि केवळ कोकणातून आलेले म्हणून एखाद्या जोडप्याची निराळी चौकशी करण्यास जो लेखी आधार होता तो त्या दिवसापासून उरला नाही.